संचातलं नववं तिकीट

“दोघं छापणार असतील तर दे. एकट्या रहमीमचा फोटो द्यायचा नाही.”

एवढं बोलून आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी ई-मेलचा छापील कागद हातात घेऊन तिच्यासमोर उभा. एकसष्ट वर्षांचा घोडा, अलिबागच्या पोस्टातून रिटायर झालेला, आणि आईपुढे उभं राहिलं की अजून पायाची बोटं आखडायची.

“अगं, तिकिटावर दोन माणसं कशी मावतील?” मी म्हणालो. “आणि हा संच यहुद्यांचा आहे. आफ्रिकेत गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध जे यहुदी लढले, त्यांचा. जोसाया कुठं यहुदी होता?”

“मग नको,” आई म्हणाली. “यात खडे दिसतायत का बघ जरा. मला हल्ली दिसत नाहीत.”

रहमीम झिराडकर म्हणजे माझा सख्खा मामा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, घरीदारी मराठीच बोलणारे. ही गोष्ट २०११ सालची. अलिबागच्या इस्राएल आळीत तेव्हा आमची जेमतेम पाच-सहा घरं उरली होती. बायको गेल्यापासून घरात मी आणि आई, दोघंच. मामा बोटीवर फिटर होता. सत्तेचाळीस साली डरबनला आजारी पडून उतरला तो तिथलाच झाला. तिथले यहुदी गोरे, म्हणून ते गोऱ्यांच्या डब्यात बसायचे. हा यहुदी असून सावळा, म्हणून हा बाहेर. मग तो गोदीतल्या मजुरांच्या युनियनमध्ये शिरला, तिथं त्याला जोसाया म्खिझे भेटला, आणि दोघांनी मिळून संप, मोर्चे, चोरून छापलेली पत्रकं, सगळे उद्योग केले. चौसष्ट साली दोघं पकडले गेले. जोसाया कोठडीत मेला. मामा सुटला, पळून पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात गेला, तिथं शाळेत शिकवायला लागला आणि पाच वर्षांत तापानं गेला. मला एवढंच माहीत होतं.

आता तोच देश तिकिटं काढणार होता. देशाचं नाव मी मुद्दाम घालत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. नऊ जणांचा संच. आठ जण मामा लढला त्या मुलखातले गोरे, कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी युनियनवाल्या बायका. नववा आमचा मामा. न्यूयॉर्कच्या एका कंपनीतल्या लर्मनबाई हे काम बघत होत्या. त्यांनी आमच्या समाजाच्या मासिकाला लिहिलं, मासिकानं मला. मामाचा मूळ फोटो महिनाअखेरपर्यंत पोचला तर ठीक, नाहीतर नववी जागा दुसऱ्याला.

आणि मी कोण? पंचेचाळीस वर्षं तिकिटं जमवणारा माणूस. तिकिटाचा एक दात दुमडलेला दिसला तरी माझा जीव खालीवर व्हायचा. जगातले राजे, राण्या, फुलपाखरं, रेल्वे इंजिनं, सगळे माझ्या अल्बमात होते. आता त्यांच्या शेजारी माझा मामा बसणार! मी आळीत सांगून मोकळा झालो होतो. ठाण्याच्या आमच्या संग्राहक मंडळात तर पेढेही वाटून आलो होतो. आता काय तोंडानं नाही म्हणू?

मामाचा फोटो एकच होता. आईच्या कपाटात, बिस्किटाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला. डरबनच्या कुण्या गुजराती स्टुडिओत काढलेला. दोघं कोटात, शेजारी शेजारी उभे. मागे मामाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘डावीकडे मी, उजवीकडे जोसाया.’ पत्रं फोडली जातात म्हणून तो त्यानं एका खलाशाच्या हाती पाठवला होता. आई तो कुणाला हात लावू देत नसे.

मी लर्मनबाईंना लिहिलं, की घरच्यांचा आग्रह आहे, दोघं छापता येतील का? दुसऱ्या दिवशी उत्तर. एका तिकिटावर एकच चेहरा, नियमच आहे. पण हा दुसरा गृहस्थ कोण? आमचे अभ्यासक माहिती घेतील, तुम्ही काय ते सविस्तर कळवा.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “हसकू, दार लोटून घे आणि बस खाली.”

हस्केलचं हसकू ती फक्त लाडात आली की करायची. त्या दिवशी लाडात नव्हती.

“तुला कारण हवंय ना? ऐक. दोघांना बरोबर नाही पकडलं. आधी रहमीमला पकडलं. सतरा दिवस त्याला झोपू दिलं नाही. उभा ठेवला. पाय सुजून बूट फाडून काढावे लागले. अठराव्या दिवशी त्यानं सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“जोसाया कुठं लपलाय ते. आणखी काय सांगणार? त्याच संध्याकाळी त्याला उचलला. चौथ्या दिवशी बायकोला प्रेत दिलं. जिन्यावरून पडला म्हणाले.”

“तुला कुणी सांगितलं हे?”

“त्यानंच लिहिलं. पळून गेल्यावर पहिलं पत्र आलं ते हेच. मी वाचलं आणि फाडून टाकलं. तुझ्या बाबांनाही कधी कळू दिलं नाही.”

“मग इतकी वर्षं...”

“किप्पूरला मशिदीत आपल्या मेलेल्यांची नावं वाचतात ना, त्यात शेवटचं नाव कुठलं असतं?”

सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. किप्पूर हा आमचा उपासाचा मोठा दिवस, तेव्हा हज्जान घरोघरच्या मृतांची नावं घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणतो. आमच्या घराची यादी मला पाठ होती. आजोबा, आजी, मामा, पुढे बाबा, माझी बायको. आणि सगळ्यात शेवटी योशियाहू बेन अब्राहाम. लहानपणी मी विचारलं होतं, हा आपला कोण? आई म्हणाली होती, आहे लांबचा.

“जोसायाच तो,” आई म्हणाली. “बायबलातलंच नाव आहे ते, आपल्याकडे योशियाहू म्हणतात. बापाचं नाव मला माहीत नव्हतं. ज्याचा बाप आपल्यातला नाही त्याला अब्राहामचा मुलगा म्हणायची रीत आहे. तसं लिहून दिलं. हज्जानला वाटलं असेल कुणी नातलग. शेहेचाळीस वर्षं मेलेल्यांमध्ये त्याला आपल्यात घेतलाय मी, हसकू. आता एका तिकिटासाठी बाहेर काढू?”

खरं सांगतो. तेव्हा मला मामाची कीव यायला हवी होती, जोसायाची यायला हवी होती, आईचे तर पाय धरायला हवे होते. यातलं काहीएक झालं नाही. मला फक्त भीती वाटली. लर्मनबाईंचे अभ्यासक खणत बसले आणि त्यांना हे सापडलं, तर? दगा दिलेल्या माणसाचं तिकीट कोण काढतं? मामा जाईल, तिकीट जाईल, आणि अलिबागपासून ठाण्यापर्यंत माझं हसं होईल.

पुढच्या शनिवारी आई मशिदीत गेली. शनिवारी आमच्यात विस्तव पेटवत नाहीत, कापाकापीही करत नाहीत. शेजारच्या दाविदभाऊंच्या हाताला धरून ती कोपऱ्यापर्यंत गेली ते मी खिडकीतून पाहिलं, मग कपाट उघडलं.

स्टुडिओवाल्यानं दोघांमध्ये दोन बोटं जागा सोडली होती. माझं काम सोपं झालं. मी पट्टी लावली, पेन्सिलनं बारीक रेघ मारली, आणि कात्री वरून खाली सरळ नेली. एका हातात मामा आला. दुसऱ्या हातात जोसाया. तो ठेवायचा कुठं? घरात ठेवला तर आई बघेल. कचऱ्यात टाकला तर कुणाच्या हाती लागेल, मागे नाव लिहिलेलं. मी स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला, चिमट्यानं धरून तो अर्धा तुकडा जाळला. जुना फोटो, भुर्रकन पेटला. राख मोरीत सोडली, पाणी ओतलं आणि खिडक्या उघडून ठेवल्या. सोमवारी सकाळी कुरिअर गेलं. सोबत लिहिलं, दुसऱ्या गृहस्थाबद्दल आम्हाला काही माहिती नाही.

आईला बुधवारी कळलं. डबा मांडीवर घेऊन बसली होती.

“फोटो कुठाय?”

“पाठवला.”

“दोघांचा?”

“हो तर! आहे तसा पाठवला. दोघं छापायचं बघू म्हणाल्यात.”

मला वाटलं होतं आता तोफ डागेल. पण तिचा चेहरा एकदम उजळला हो. ती हसली. “मग झालं तर,” म्हणाली. “तिकडे तिकिटं विकली जातील, पेपरात येईल. त्याच्या माणसांना तो दिसेल.” त्या संध्याकाळी तिनं स्वतः उठून नारळाचं दूध काढून गव्हाच्या चिकाचा हलवा केला, आणि मी तो दोनदा मागून खाल्ला.

सप्टेंबरात पार्सल आलं. नऊ तिकिटांची छापील पानं, एकेका पानाला पांढरी कड, दात कसे एकसारखे पाडलेले. खालच्या ओळीत उजवीकडे मामा. कोट, टाय, कपाळावर आलेली बट. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आईनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

“आणि जोसाया?”

“त्यांनी कापला गं. नियम म्हणाले. मी काय करणार?”

“फोटो परत मागव,” ती म्हणाली.

“मागवतो.”

मागवला नाही, हे सांगायला नकोच. ती दर आठवड्याला विचारायची, मी दर आठवड्याला एक नवी थाप मारायचो. मधल्या काळात ठाण्याला मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. मामाच्या धैर्यावर मी वीस मिनिटं भाषण ठोकलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लाज? तेव्हा नाही वाटली. मजा वाटली.

डिसेंबरात लर्मनबाईंनी एक पत्र पुढे पाठवलं. डरबनहून आलेलं, हातानं लिहिलेलं. आई अंगणात उन्हाला बसली होती. पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून म्हणाली, “फोटो आला?”

“नाही, कुणाचं तरी पत्र आहे.”

“वाच की मग.”

मी तिला इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागलो. आधी सही बघितली नव्हती, म्हणून फसलो. नाहीतर मधलं काही गाळलं असतं.

“‘तुमच्या मामांचं तिकीट पाहिलं. माझी आई त्यांचं नाव घ्यायची. ती सांगायची की माझ्या वडिलांनी आणि त्यांनी एकदा जोडीनं फोटो काढला होता. वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. पोलिसांनी आमच्या घरातला कागद न् कागद नेला, फोटो नेले, परत काही दिलं नाही. माझे वडील कसे दिसायचे हे मला माहीत नाही. कंपनीला विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे अर्धाच फोटो आला होता, कापलेला. दुसरा अर्धा तुमच्याकडे असेल तर...’”

मी पान उलटलं. खाली सही होती, थांदेका म्खिझे.

“अर्धाच गेला होता?” आईनं विचारलं.

मी मान हलवली.

“मग दुसरा कुठाय? आण. आजच पाठवू.”

“जाळला.”

“काय केलंस?”

“जाळला, आई. गॅसवर. तू मशिदीत होतीस तेव्हा.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अरे, रहमीम माझा भाऊ,” ती म्हणाली. “त्याचा चेहरा बघायला मला फोटो कशाला लागतो? डोळे मिटले की दिसतो तो. तो फोटो मी दुसऱ्यासाठी जपला होता. कधीतरी कुणीतरी मागायला येईल म्हणून. आली बघ.”

मग तिनं मला कागद आणायला लावला. “लिही,” म्हणाली. “माझ्या भावानं तुझ्या बापाचा पत्ता सांगितला, म्हणून तुझा बाप गेला. आणि माझ्या मुलानं त्याचा फोटो जाळला. दोन्ही लिही. गोड करू नकोस.”

मी लिहिलं. एक अक्षर गोड केलं नाही. तिनं ते माझ्याकडून मराठीत परत वाचून घेतलं, खाली सही केली, आणि मला त्याच पावली पोस्टात पाठवलं.

त्यानंतर ती माझ्याशी जेवण आणि औषध एवढंच बोलली. मी दोनदा तिच्या खाटेपाशी जाऊन बसलो. चुकलं म्हणालो. “मला काय सांगतोस?” ती म्हणाली. जानेवारीत गेली. रात्री झोपली, सकाळी उठली नाही. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसून झाले, लोक आले-गेले, आणि आठव्या दिवशी डरबनचं उत्तर आलं. ते ऐकायला आई नव्हती.

थांदेकानं लिहिलं होतं: ‘पहिली गोष्ट आम्हाला माहीत होती. माझ्या आईनं तुमच्या मामांना कधी दोष दिला नाही. ती म्हणायची, सतरा दिवस तो गप्प राहिला, तेवढ्यात अकरा माणसं सरहद्दीपार झाली. दुसऱ्या गोष्टीबद्दल काय लिहू? मी दोन दिवस रडले. पण तुम्ही तो फोटो पाहिला आहे. माझ्या वडिलांना पाहिलेलं माझ्या ओळखीचं आता कुणीच जिवंत नाही. तुम्हाला आठवेल तेवढं लिहा. डोळे, नाक, कपाळ, काहीही. मला पुरेल.’

मी कागद घेऊन बसलो. डोळे मिटले. मामा दिसला, टाय, बट, सगळं. शेजारी कोट दिसला, कोटाची तीन बटणं दिसली. पट्टी दिसली, पेन्सिलची रेघ दिसली. चेहरा नाही. लहानपणापासून मी तो फोटो चोरून पाहत होतो, पण पाहत होतो मामालाच. आणि त्या शनिवारी मी कात्री कुठून न्यायची तेवढंच पाहिलं. आई असती तर तिनं भुवईसुद्धा सांगितली असती.

आठवत नाही, असं लिहायला हवं होतं. एक ओळीचं काम. पण त्या बाईला पुन्हा रडवायचं माझ्यानं होईना. आणि खरं म्हणजे, पुन्हा एकदा नालायक ठरायचं माझ्यानं होईना.

मी मुरूडला चार वर्षं सब-पोस्टमास्तर होतो. सकाळच्या मुरूड गाडीवर एक कंडक्टर होता, रशीद म्हणून, तिकडच्या सिद्दी लोकांपैकी. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. काळ्या माणसाचा चेहरा म्हणून मला जवळून माहीत असलेला तो एकच, सांगायला शरम वाटते. मी रशीदला लिहून काढलं. रुंद कपाळ. जाड, मधे जुळलेल्या भुवया. हसला की उजव्या गालावर आडवी घडी. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट. डोळे असे, की हा आता चेष्टा करणार असं वाटावं. दोन पानं भरली. इतकं सुरेख पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

वर्षभरानं तिचं पाकीट आलं. आत एक रंगीत फोटो. थांदेकाच्या मुलानं माझ्या पत्रावरून कोळशानं चित्र काढलं होतं, आणि ते मोठ्या चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. चौकटीला फुलांचा हार. खाली घरातली नऊ-दहा माणसं नव्या कपड्यांत उभी, मधे थांदेका, चित्राच्या कडेला हात लावून. मी चष्मा पुसून पाहिलं. पोरगा हुशार होता. कपाळ, भुवया, गालाची घडी, काही सुटलं नव्हतं. मुरूड गाडीचा रशीद कंडक्टर त्या घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हसत होता.

याला आता बारा वर्षं झाली. किप्पूरला मी आमच्या यादीतली सगळी नावं वाचायला देतो, शेवटच्यासकट. थांदेकाला खरं मात्र अजून कळवलेलं नाही. दोनदा लिहायला घेतलं होतं. पण त्या फोटोसोबत तिची एक चिठ्ठी होती, ती आठवते आणि पेन खाली ठेवतो.

‘माझ्या धाकट्या मुलीच्या दातांत फट आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘शाळेत पोरं चिडवतात म्हणून ती तोंडावर हात धरून हसायची. आता धरत नाही. सगळ्यांना सांगते, माझ्या आजोबांची आहे.’